तिसऱ्या खांबावरचं फूल

कर्जतजवळच्या दहिवलीचा ऋषिकेश मुंबईत फोर्टातल्या जुन्या इमारती दाखवतो आणि झकास दाखवतो, हे आधीच कबूल करायला हवं. रविवारी सकाळी पाहुणे जमले की गडी जो सुरू होतो, तो शेवटच्या पायरीपर्यंत दम घेत नाही. गव्हर्नर, गोदी, कापसाचे व्यापारी, सगळं तोंडपाठ. फक्त एक थाप तो दर फेरीला मारतो: "आमच्या तीन पिढ्या फोर्टातच गेल्या." पाहुण्यांना अस्सल मुंबईकर लागतो, असं त्याचं म्हणणं. कर्जतचा माणूस काय इतिहास सांगणार, असं त्याला कुणी म्हटलेलं नाही. ते त्यानेच स्वतःला म्हणून घेतलं.

त्याचे वडील वाल्मिक दगडाचं काम करायचे. पाटे-वरवंटे घडवायचे, जात्यांना टाकी लावत खालापूरकडची गावं पायाखाली घालायचे. वीस वर्षांपूर्वी फोर्टातल्या एका जुन्या लायब्ररीची डागडुजी निघाली, तेव्हा ठेकेदार त्यांना घेऊन गेला. एका खांबावरचं फूल पावसाने पार झिजलं होतं. वाल्मिकनी ते अकरा दिवस बसून नव्याने कोरलं. त्यानंतर ते पुन्हा बघणं काही झालं नव्हतं.

"एकदा ने रं मला," असं ते तीन वर्षं म्हणत होते. यंदाच्या थंडीत ऋषिकेशने एकदाचं नेलं. स्टेशनातून बाहेर पडताना म्हातारा हळूच म्हणाला, "तिसऱ्या खांबाचं फूल माजं हाय. सांगशील ना लोकांना?"

"बघू," ऋषिकेश म्हणाला. "तुम्ही जरा मागे मागे राहा, बाबा."

वाल्मिक मागेच राहिले. लायब्ररीपाशी ऋषिकेशने सवयीने हात उंचावला. "ही फुलं बघा. विलायतेहून आलेल्या कारागिरांचा हात. आता असं काम करणारा माणूस उरला नाही." तोच पुण्याच्या एक बाई ओरडल्या, "अहो, ते बघा, कोण हात लावतंय!"

सगळे वळले. वाल्मिक तिसऱ्या खांबाशी उभे होते. पाकळीच्या कडेवरून अंगठा फिरवत होते, धार टिकलीय का बघत.

हे माझे वडील, एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण त्याबरोबर फोर्टातल्या तीन पिढ्या गडगडल्या असत्या, आणि ऋषिकेशला त्या जास्त प्याऱ्या होत्या.

"काका, हात लावू नका," तो म्हणाला. "हेरिटेज आहे."

काका! जन्मदात्याला!

वाल्मिकनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. एकदा पोराकडे पाहिलं. मग म्हणाले, "चुकलं, साहेब." आणि फुटपाथच्या कडेला जाऊन उभे राहिले.

"बरं केलंत," पुण्याच्या बाई म्हणाल्या, "या लोकांना किंमतच नसते." यावर ऋषिकेश हसला. त्या हसण्याची त्याला अजून इतकी लाज वाटते, की आरशासमोर दाढी करतानाही तो स्वतःच्या डोळ्यांत बघत नाही.

घरी पोचेपर्यंत बापलेक इकडचं तिकडचं बोलले. दारातच आई, आनंदीबाईंनी विचारलं, "दावलंस का रं लोकांना यांचं फूल?"

ऋषिकेशच्या आधी वाल्मिकच म्हणाले, "लय लोकं होती गं. पण पोरगा काय सांगतो! समदी आ वासून बगत होती."

"आन् फूल?"

"हाय की. जागच्या जागी हाय."

आनंदीबाई खूश होऊन चहा टाकायला आत गेल्या. ऋषिकेशने मान खाली घातली. "बाबा, मी..." एवढंच त्याला जमलं.

वाल्मिकनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आत ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू म्हणाले, "परत नेशील तवा आदीच सांग, कितीक लांब उबं राहायचं ते."