टीव्हीकडे पाठ
कोसाडला आमच्या वसाहतीतल्या चहाच्या दुकानात टीव्ही आहे. इंग्लंडमधली उन्हाळी कसोटी मालिका सुरू झाली, की दुपारी साडेतीनला आम्ही सगळे तिथे जमतो. वसाहतीतले एक म्हातारे काकाही यायचे. लूमच्या खात्यात, यंत्रमागांवर आयुष्य काढलेले, त्या खडखडाटाने कान गेलेले. खुर्ची उचलून बरोबर टीव्हीखाली ठेवायचे आणि आमच्याकडे तोंड करून बसायचे. पाच-पाच दिवस पडद्याकडे एकदाही बघायचे नाहीत.

"काका, मॅच तुमच्या मागे चालू आहे," मी एकदा ओरडून सांगितलं.

"मला समोर दिसते," ते म्हणाले.

आमच्या चेहऱ्यांवरून त्यांना चौकार कळायचा, पायचीतचं अपील कळायचं. पापणी न हलवता ते एकेक चेहरा न्याहाळत. नजर माझ्यावर आली, की मला उगाच गार वाटे.

दुसऱ्या कसोटीत आपल्या गोलंदाजाने शेवटची जोडी फोडली. सगळे नाचू लागले. ते उठून थेट माझ्यापाशी आले आणि माझी हनुवटी धरून आपल्या गावाकडच्या बोलीत म्हणाले, "भाऊ, तुम्ही अर्धंच हासनात. चला, दवाखानामा चला."

मला तर काहीच होत नव्हतं. पण त्यांनी रिक्षा थांबवली, तेव्हा माझा उजवा हात उचलेना. डॉक्टर म्हणाले, "अर्धांगवायूचा झटका होता. वेळेत आलात."

महिन्याने थोरल्या भावाला घेऊन मी त्यांचे आभार मानायला गेलो. शेवटची कसोटी चालू होती. मी हात जोडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्या भावाकडे एकटक पाहत होते.