लंकेतला दोर

माझी शपथ मोडली, की ज्याच्यापुढं घेतली त्यानंच ती सोडवली, याचा उलगडा मला या वयातही झाला नाही. तिसरी शिकलेला माणूस मी, लिहिण्याचा सराव नाही. पण मारुतीच्या पारावर बसलं की लोक लंकेची गोष्ट विचारतात, आणि दरवेळी मी ती अर्धीच सांगत आलो. विहीर सांगतो, पाणी सांगतो, मधलं गिळून जातो. आता गिळायचं नाही असं ठरवलं, म्हणून लिहून ठेवतो.

आपलं यवतमाळ मुंबई राज्यात गेलं, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची ही गोष्ट. मारेगावच्या बाजूला विहिरी खोदणं हे माझं काम. मी खोदलेल्या विहिरीची कड ढासळलेली कोणी दाखवावी, त्याच्या घरी पाणी भरीन, असा माझा ताठा होता. एका आश्रमाचे गुरुजी आमच्या भागात श्रमदान करवून घेत. त्यांचा निरोप आला की लंकेत समुद्राकाठच्या एका गावात पुरानं विहिरी बुजल्या, प्यायला पाणी नाही, दोन महिने फुकट राबणारी माणसं पाहिजेत. लंका म्हटल्यावर मी दुसरं काही ऐकलंच नाही. मारुतीचा शनिवार मी कधी मोडला नव्हता. गावच्या मारुतीपुढं उभा राहून बोललो, देवा, तुझ्या मागं चाललो, सेवा करीन, पण रावणाच्या भूमीचं अन्न तोंडात घालणार नाही. घरचीनं ज्वारीच्या पिठाच्या दोन थैल्या आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला. दोन थैल्यांत दोन महिने कसे निघतील, एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं, मारुती पाहील. तिनं थैल्यांची तोंडं आणखी घट्ट आवळली, म्हणजे तिला पटलं नव्हतं.

रामेश्वराच्या पुढं धनुष्कोडीला बोटीत बसलो. पलीकडं उतरलो तेव्हा मी सोनं शोधत होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. सोन्याच्या भिंती नाहीत, मोठ्या दाढांची माणसं नाहीत. लुंग्या नेसलेली सावळी, बारकी माणसं, आणि आमच्यासमोर हात जोडून उभी. मी गोंधळलो. यांच्याशी वैर धरायचं कसं? मग मनाला समजावलं, राक्षस रूप बदलतात.

आमच्यात वणीचा रहीमभाई होता. लोहारकामाचा माणूस, हात चांगला आणि जीभ त्याहून चांगली. गावातली एक म्हातारी रोज दुपारी केळीच्या पानावर भात आणि किसलेलं खोबरं आणून माझ्यापुढं ठेवायची, आणि मी पान मागं सरकवायचो. पाणी मात्र प्यायचो. पाणी गंगेचं असतं, ते कोणाच्या भूमीचं नसतं, असा हिशेब मीच बसवला होता. रहीमभाई म्हणाला, "महाराज, रावण तं कवाचा मेला. तुम्ही कोनाच्या नावानं उपाशी मरून राह्यले?" मी म्हटलं, "तू तुह्या घनाकडं पाय."

पण तिथल्या दमट हवेनं माझं पीठ तिसऱ्या दिवशीच आंबलं. थैलीत हात घातला तर हिरवी बुरशी. ती झटकून दोन दिवस भाकरी केल्या, पोट बिघडलं, मग तेही सुटलं. त्या म्हातारीच्या चेहऱ्याकडं पाहायचं मी टाळू लागलो.

त्या गावावर नारळाच्या झाडांचं छप्परच होतं. एका झाडाच्या शेंड्यापासून दुसऱ्याच्या शेंड्यापर्यंत काथ्याचे दोर बांधलेले, आणि त्या दोरांवरून एक माणूस कमरेला मडकं लावून चालत जायचा. आमच्याकडं शिंदी काढतात तशी तो नारळाची ताडी काढायचा. दारूचा धंदा करणारा माणूस देवकामाच्या डोक्यावरून जातो, हे मला सहन होत नव्हतं. मी खोदायला लागलो की तो वरून ओरडायचा, दोन्ही तळहात एकमेकांवर आपटून दाखवायचा आणि मान हलवायचा. मला वाटायचं, चिडवतो. मी त्याच्याकडं पाठ करायचो. गावातले म्हातारेही हातांनी सांगत की आधी कडांना झाडांच्या खोडांचा आधार लाव, मग खाली जा. मी हसायचो. आमच्याकडं मुरूम लागतो, मग काळा खडक, कड भिंतीसारखी उभी राहते. खाली रेती आहे हे डोळ्यांना दिसत होतं, पण हातांना पटत नव्हतं.

पाचव्या-सहाव्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले. मी खड्ड्यातच थांबलो. जेवणाजवळ बसलं की वास यायचा, आणि वासानं शपथ डगमगायची. फावडं मारलं आणि डाव्या हाताची कड आवाज न करता खाली आली. आधी गुडघे, मग कंबर. निघायला धडपडलो तशी उजवी कडही आली, तो दोरावरचा माणूस तळहात आपटून दाखवायचा तशीच. रेती छातीपर्यंत चढली, श्वास आत जाईना. ओरडायला पोटात जोर नव्हता. मारुतीचं नाव घेतलं, तेही ओठांतल्या ओठांत. मनात एवढंच आलं, देवा, तुझ्यासाठीच उपाशी आहे आणि तुझ्याच कामात गाडला जातो, हे कसं?

वर पाहिलं. ऊन डोळ्यांत होतं. झाडाच्या शेंड्यावरून कोणीतरी उतरत होतं, माणूस उतरतो तसं नाही, सरसर. अंगावर लंगोट, आणि पाठीमागं लांब शेपटासारखं काही लोंबत होतं. मी हात जोडायला गेलो, पण हात रेतीत होते.

तो ताडीवाला होता. शेपूट म्हणजे त्याचा दोर. त्यानं झावळ्या टाकल्या, त्यांवर पालथा पडून माझ्या काखांखालून दोर घेतला आणि नारळाच्या बुंध्याला बांधला, म्हणजे मी आणखी खाली जाणार नाही. मग करवंटीनं माझ्या छातीजवळची रेती उपसत, ओरडत राहिला. त्याच्या तोंडाचा ताडीचा वास माझ्या तोंडावर येत होता. माणसं धावून आली, रहीमभाईनं खांदा लावला, आणि मला बाहेर ओढलं.

म्हातारीनं पान आणलं. या खेपेला तिनं ते माझ्यापुढं ठेवलं नाही, ताडीवाल्याच्या हातात दिलं. त्यानं भाताचा गोळा केला आणि माझ्या तळहातावर ठेवला. त्याची बोटं रेतीनं सोलून रक्ताळली होती. मी रहीमभाईकडं पाहिलं. वाटलं, आता हा टोमणा मारील. तो म्हणाला, "खा, भाऊ. मी पाठ करतो." आणि खरंच पाठ करून उभा राहिला. मी खाल्लं.

पुढची विहीर त्यांच्या पद्धतीनं झाली. ताडीवाला वरून हातवारे करायचा, मी खाली ऐकायचो. जन्मात पहिल्यांदा कोणाचं ऐकून खोदलं. गोड पाणी लागलं, तेव्हा पहिली ओंजळ मी त्याला दिली. त्यानं थोडं झाडाच्या बुडाशी ओतलं, मग प्याला. निघताना त्यानं तो दोर माझ्या खांद्यावर टाकला.

घरी आलो, घरचीनं विचारलं, पीठ पुरलं का? मी म्हटलं, उरलं. तिनं थैली नाकाशी नेली, आणि तिला सगळं कळलं असं मला वाटलं. मग मारुतीपुढं गेलो, शपथ मोडली म्हणून माफी मागायला. मूर्ती लहानपणापासून पाहत आलेलो, पण शेपूट पाठीवरून वर जाऊन डोक्यावर वळलेलं आहे, इकडं तोवर कधी नीट पाहिलं नव्हतं. माफी मागायची राहिली, खांद्यावरचा दोर काढून मी देवापुढं ठेवला.

तो दोर आमच्या देवळाच्या घंटेला बांधला. पुढं कुजला तेव्हा तुकडा काढून मी घरात ठेवला. शिकलेली माणसं सांगतात की तो ताडीवाला होता, बस. भाविक सांगतात की तो मारुतीच होता. दोघांनाही मी मान हलवतो, कारण मला कळत नाही. देवाला मी अटी घालत होतो की मी हे खाणार नाही, याचं ऐकणार नाही, याच्या हातून घेणार नाही. अटी घालणारे माझे दोन्ही हात रेतीत गेले, तेव्हा तो आला. एवढं मात्र मला पक्कं माहीत आहे. खड्ड्यात असताना मी त्या दोराला विचारलं नाही, तू कोणाचा. आता बाहेर बसून कायले विचारू?