साखळीतला रुमाल

त्या सांजेला माझ्या बायकोनं, मथीनं, माझ्या डाव्या मनगटाला तेल चोळलं. रोजच चोळायची. पुढ्यात सुपात वालाच्या शेंगा, बाजूला तेलाची वाटी. आधी शेंगा सोलायच्या, मग म्हाताऱ्याला सोलायचं, असं म्हणायची. मनगट कबड्डीत मोडलं होतं. वाकडंच बसलं. थंडीत ठणकतं.

माझा पांढरा सदरा तिनं धुऊन कुंपणावर टाकला होता. दुसऱ्या दिवशी सांजेला गावच्या कबड्डी मंडळात जुन्या खेळाडूंचा सत्कार होता. माझं नाव बॅनरवर छापलेलं. आमचा जुना कप्तान, आता मंडळाचा अध्यक्ष, मोटारसायकलवर येऊन सांगून गेला. वाडीत शिरला नाही. चिंचेखालून हाक मारली.

"जाणार हायस?" मथीनं विचारलं.

"तू काय म्हणतेस गो?"

"जा की. मी पण येते बघायला. पण हार गळ्यात पडायच्या आधी हात पुढं कर. उघडा. बघू धरतो का."

"नाय धरला तर?"

"तर हार तिथंच टाकून ये. नाय टाकलास तर मी वर चढून टाकीन. माझं काय, मला कोण वळखतंय!"

हसली. तेलाचे हात माझ्याच पाठीला पुसले. वाटी फळीवर ठेवायला उठली आणि तिथंच बसली. छातीवर धोंडा ठेवल्यागत वाटतंय म्हणाली. पोरांनी वरसे गावातून रिक्षा आणली. रोह्याला पोचेपर्यंत मथी गेली होती.

हात पुढं कर असं ती का म्हणाली, ते सांगतो.

मी कातकरी. आमची वाडी वर टेपावर, गाव खाली नदीकडे. लहानपणापासून मी खेकडे पकडायचो. बिळातला खेकडा समोरून धरला तर तो तुम्हाला धरतो. मागून, एका झटक्यात धरायचा. कबड्डीत चढाईला आलेल्याचा घोटा मी तसाच धरायचो. धरला की सुटत नसे. गावच्या पोरांनी बघितलं आणि मला संघात घेतलं. माझ्यासाठी नाही. घोट्यासाठी.

कबड्डीत चढाई करणारा एकटा येतो. बचावाला सात जण असतात, एकमेकांचे हात धरून. त्याला साखळी म्हणतात. मी डावा कोपरा. माझा एक हात मोकळा, दुसरा शेजाऱ्याच्या हातात. शेजारी कप्तान. पाटलाचा मुलगा.

पहिल्याच दिवशी त्यानं कमरेचा रुमाल काढला. हातावर पसरला. मग माझा हात धरला.

"घाम येतो रे," म्हणाला. "हात निसटतो."

मी खरं मानलं. वर मला ते भारी वाटलं. कप्तानाचा रुमाल माझ्या हातात.

पकड लागली की गंमत. मी घोटा धरून मातीत आडवा, आणि सगळा संघ माझ्या अंगावर. कप्तान पहिला. त्याचा घाम माझ्या तोंडात, त्याचा गुडघा माझ्या बरगडीत. तेव्हा मधे रुमाल नसायचा. गुण मिळायचा असायचा. शिट्टी झाली की परत साखळी. परत रुमाल.

पेणला मोठी स्पर्धा होती. गावातून ट्रक भरून माणसं गेली. मथी नवीन लग्नाची, ट्रकच्या मागच्या फळीला धरून आली. अंतिम सामना आम्ही जिंकलो. शेवटची पकड माझी. त्यातच हे मनगट मोडलं. कप्तानाला खांद्यावर घेऊन मैदानभर नाचवलं. मी मोडका हात पोटाशी धरून ट्रकशी उभा होतो. मथीनं लुगड्याचा काठ फाडून हाताला बांधला.

परत येताना सगळे गात होते. आम्ही दोघं मागं.

"त्यो हातात फडकं का घेत व्हता?" मथीनं विचारलं.

"घामाला. हात निसटतो."

"त्याच्या दुसऱ्या हाताला घाम येत नाय?"

ट्रक नागोठण्याच्या पुलावर होता. खाली नदी. मला उत्तर आलं नाही. दुसरा हात तो पलीकडच्या पोराला उघडाच द्यायचा. मी रोज बघत होतो. बघून मला दिसलं नव्हतं. मथीनं एका सामन्यात बघितलं. मोडलेल्या हातापेक्षा तो दुसरा हात जास्त दुखायला लागला.

मनगट वाकडंतिकडं बसलं आणि मी परत मैदानात उतरलो. आमच्याच गावात सामना. कप्तानानं रुमाल काढला. मी हात मागं घेतला.

"रुमाल टाक."

"काय?"

"रुमाल टाक. नायतर मी सुटा उभा राहतो."

दोरीपलीकडून कोणीतरी ओरडलं, "कातकरड्याला माज आलाय बघा!" लोक हसले. कप्तानाचं तोंड लाल झालं.

"सुटा तर सुटा," म्हणाला. "बघू किती दम हाय."

चढाईवाला आला. रेड्यासारखा माणूस. माझ्या अंगावरच आला. मी घोटा धरला, वाकड्या मनगटानं. धरून पडलो. आता सगळे येतील, वजन टाकतील, असं वाटलं. कोणी आलं नाही. सहा जण उभे. कप्तान हात बांधून उभा. त्या गड्यानं मला मातीतून ओढत मधल्या रेघेपर्यंत नेलं. कोपर सोललं, हनुवटी सोलली. मी घोटा सोडला नाही. त्यानं हात लांब केला, रेघ शिवली. मी बाद.

गावानं गुण घालवला, पण माझा हात धरला नाही.

मैदानाबाहेर गेलो. परत कोणी बोलावलं नाही. पुढं त्यातल्या चौघांना रोह्याच्या एका कंपनीनं खेळाडू म्हणून कायम केलं. त्याच कंपनीत मी कंत्राटावर पोती उचलली. शिफ्ट सुटताना ते म्हणायचे, "काय रे कोपऱ्या, बरा हायस ना?" मी पोत्याखाली वाकलेला. बरा हाय म्हणायचो. घरी आलो की मथी तेल घेऊन बसलेली असायची. कधी म्हणाली नाही, तू रुमाल चालवून घेतला असतास तर आपलं बरं झालं असतं. एकदाही नाही.

आता त्या सकाळचं.

अंगणात तिरडी बांधत होते. चिंचेखाली मोटारसायकल थांबली. मी गेलो. कप्तानानं हात जोडले.

"वाईट झालं रे. बाई चांगली व्हती." मग इकडंतिकडं बघून म्हणाला, "तुला सांगायला बरं नाय वाटत. पण सांजेला पाहुणे येणार, पेपरवाले येणार. वाडीवरचा खेळाडू स्टेजवर दिसला पायजे. पाच मिनटं ये. हार घे आणि जा."

मी हात पुढं केला. उघडा. मथीच्या तेलाचा वास होता त्याला.

त्यानं हाताकडं बघितलं. जोडलेले हात सोडले नाहीत.

"सुतक हाय तुला," म्हणाला. "आता हात कसा धरू?"

"मंग सांजेला स्टेजवर सुतक नाय?"

तो गप्प झाला. पुलावर मी गप्प झालो होतो, तसा नाही. त्याला उत्तर येत होतं.

"बरं," शेवटी म्हणाला. "पण तिला वरच्या रस्त्यानं न्या. मैदानात मंडप हाय, मॅट टाकलीय."

नदीची आमची वाट मैदानाच्या कडेनं जाते. आमची सगळी माणसं त्याच वाटेनं गेली. मागं फिरलो. कुंपणावरचा सदरा काढला. दवानं ओला होता. तो मथीच्या अंगावर पांघरला. मी उघडाच. तिरडीचा पुढचा डावा कोपरा मी घेतला. पोरं म्हणाली, "बाबा, गुडघा चालत नाय तुझा, राहू दे." म्हटलं, डावा कोपरा माझा.

मैदानाच्या तोंडाशी कप्तान वाटेत उभा होता. दोन्ही हात पसरून. मंडपवाले, मंडळाची पोरं दोरीशी उभी राहून बघत होती. त्याच्या बाजूला कोणी आलं नाही. एकटा माणूस किती अडवतो, ते मला ठाऊक आहे.

आम्ही थांबलो नाही. तो सरकला.

सरकला तेव्हा मी म्हणालो, "बॅनरवरून माझं नाव काढ. आज काढ. मी मेलो तरी तुझ्या मंडळाचा हार माझ्यावर पडता कामा नये. वाडीला सांगून ठेवतो. आणि मलाही याच वाटेनं न्यायचं हाय."

मॅटवर आम्ही पाय दिला नाही. कडेकडेनं, आमच्या वाटेनं गेलो. मागं वाडीतल्या बाया एकमेकींचे हात धरून चालत होत्या. मी खांदा बदलला नाही. नदीवर मथीला उतरवलं, आणि तिच्या चितेला आग मी या वाकड्या हातानं दिली.