अभिरूप विधानसभेच्या अध्यक्षबाई

सभागृहात गोंधळ झाला की अध्यक्षबाई आवाज चढवायच्या नाहीत, उलट खाली आणायच्या. इतका खाली, की त्या काय म्हणताहेत हे कळण्यासाठी शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना गप्प व्हावं लागे. टेबलावर लाकडी हातोडा ठेवलेला असे, पण त्यांनी तो उचललेला मी कधी पाहिला नाही.

नांदेडच्या आमच्या कॉलेजात दरवर्षी विद्यार्थ्यांची अभिरूप विधानसभा भरायची. आम्ही बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना राज्यशास्त्राच्या सरांनी त्यांना अध्यक्ष केलं. वयानं आमच्याएवढ्याच, पण महिनाभरात कॅन्टीनवालासुद्धा त्यांना अध्यक्षबाई म्हणू लागला आणि आपोआप अहो-जाहो सुरू झालं. घर मुखेडचं, बौद्ध, वडील गवंडी. खुर्चीत त्या पुस्तकी मराठी बोलत, खाली उतरल्या की मुखेडची. मी हदगावचा, घरची शेती, आणि सभागृहात विरोधी पक्षनेता. बोलायची हौस दांडगी.

ती हौस त्यांनी बरीच छाटली. कोण किती मिनिटं बोललं हे त्या वहीत लिहीत आणि जो एकदाही उठला नाही त्याचं नाव आधी पुकारत. मी तिसऱ्यांदा हात वर केला की म्हणत, "सन्माननीय सदस्यांनी बसावं. अजून नऊजण बाकी आहेत." बाहेर आल्यावर मी कुरकुरलो, तर म्हणाल्या, "तुला बोलता येतंय हे समद्यांना ठावं हाय. ऐकता येतंय का ते बघू दे."

एकदा प्राचार्य चर्चा ऐकायला आले आणि बसल्या जागेवरून मुलांना समजावू लागले. बाई म्हणाल्या, "सर, प्रेक्षक सज्ज्यातून बोलता येत नाही." आमचा सज्जा म्हणजे भिंतीला लावलेल्या चार खुर्च्या. प्राचार्य थांबले, हसले आणि गप्प बसले. बैठक संपल्यावर बाईंनी मला जिन्यात गाठलं. "सर लई चिडले असतील का रे?"

वसतिगृहांवरच्या चर्चेच्या दिवशी माझ्या पक्षातल्या एकाला त्यांनी वेळ संपल्यावर बसायला सांगितलं. तो बसता बसता म्हणाला, "सवलतीच्या खुर्चीवर बसलं की सगळेच कायदा शिकवतात." मागचे बाक हसले. मी हसलो नाही, पण उठलोही नाही. तो माझा खोलीतला सोबती होता. इतिवृत्त लिहिणाऱ्या मुलीनं विचारलं, "हे वाक्य काढून टाकू का?"

"नको," बाई म्हणाल्या. "कोण काय बोललं ते राहू द्या." आणि त्यांनी पुढच्या सदस्याचं नाव पुकारलं.

त्या शनिवारी त्या गावी निघाल्या होत्या. मी बसस्टँडवर गेलो आणि मला फार वाईट वाटलं म्हणून सांगितलं.

"हे मला काय सांगायलास?" त्या म्हणाल्या. "पक्षनेता तू होतास. मला खुर्चीत बसून माझ्यासाठी बोलता येत न्हाई. तुला येत होतं." मुखेडची गाडी लागली. त्या चढल्या, खिडकीजवळ बसल्या आणि पिशवीतलं पुस्तक काढून वाचू लागल्या.

सोमवारी शेवटची बैठक होती. मी हात वर केला. बाईंनी वहीत पाहिलं, त्या दिवशी मी अजून बोललो नव्हतो, म्हणून परवानगी मिळाली. मी म्हणालो, "माझ्या पक्षाच्या सदस्यानं अध्यक्षांबद्दल जे म्हटलं ते माझ्यासमोर म्हटलं. मी गप्प बसलो. त्याबद्दल मी या सभागृहाची माफी मागतो." शेजारी बसलेल्या माझ्या सोबत्यानं आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवली. पुढे परीक्षेपर्यंत आम्ही एकाच खोलीत न बोलता राहिलो.

बाईंनी इतिवृत्तवाल्या मुलीचं लिहून होईपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाल्या, "नोंद घेतली आहे. पुढचा विषय."

आज त्या भोकरकडे ग्रामसेविका आहेत, मी लातूरला एका शाळेत शिकवतो. दिवाळीला फोन होतो. बदल्या, मुलं, तब्येती, असं सगळं बोलतो. त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा कधीच बोललो नाही. बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि लिहूनही.