भंगार ठरवलेला लॅपटॉप घेऊन सौंसरला

सोमवार, १७ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. पांढुर्ण्याच्या एका दुकानदाराने माझा लॅपटॉप उघडूनही न पाहता निकाल दिला, "काकू, भंगार आहे हा. नवीन विंडोज यात चढत नाही. नवा घ्या."

आत मी गावोगाव फिरून टिपलेली बायकांची लग्नाची गाणी होती. सांगणाऱ्या निम्म्या आता हयात नाहीत.

"आणि माझी गाणी?"

"मोबाइलवर सगळी गाणी भेटतात, काकू."

कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी जीभ आवरायला शिकवलं होतं. ते शिक्षण त्या दुकानात वाया गेलं.

मंगळवारी सकाळी सौंसरची बस धरली. खिडकी मिळवाच, या दिवसांत कापूस फुटलेला असतो आणि संत्र्यांनी वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू असतात. सुट्टे पैसे ठेवा, नाहीतर कंडक्टरचा उपदेश फुकट मिळतो. स्टँडवर पोहे खा, वरचा झणझणीत रस्सा, तर्री, मात्र बेताने घ्या.

सौंसरची माझी मैत्रीण शोभा विज्ञानाची निवृत्त शिक्षिका. संत्र्याच्या बागेतल्या घरी ती कित्येक वर्षं विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली वापरते.

"तोंड पाडून काय बसून राहिली वं? आधी गाणी दुसऱ्या डिस्कवर घे. मग या पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून पाहू. नाही आवडलं तं काढून टाकू."

लॅपटॉप झटक्यात सुरू झाला. मी पहिलं गाणं उघडलं. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस!

"गेलं गं सगळं!"

"काही गेलं नाही. तुझा जुना फॉन्ट इथं नाही, एवढंच. विंडोजमधून उचलून इकडं टाकते."

दहा मिनिटांत हळदीचं गाणं ओळ न ओळ परत आलं. शोभा वाचता वाचता गाऊ लागली आणि तिसऱ्या ओळीवर थांबली.

"हे चुकीचं लिहिलं तू. आमच्या सौंसरात असं नाही म्हणत."

दुपारी तिने लिनक्स कायमचं बसवून दिलं. संध्याकाळच्या बसने पिशवीभर संत्री घेऊन घरी आले.

आता आठवडा झाला. प्रिंटर अजून रुसलेला आहे. ज्यांचं काम एखाद्या ठरावीक विंडोज सॉफ्टवेअरवाचून अडतं, त्यांनी घाई करू नये. माझं पत्रलेखन, बँक, पेन्शन, सगळं चालतं. गाणी एकूण एक उघडून पाहिली. आहेत.

दुकानदाराला काल पत्र दिलं: या लॅपटॉपचा नेमका कोणता भाग भंगार आहे आणि मोफत पर्याय का सांगितला नाहीत, याचं सहीनिशी लेखी उत्तर रविवार, ३० नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत द्यावं. तोंडी उत्तर ऐकून झालं आहे.