छत-फोम-बरोबर

आमच्या ऑफिसात आग लागते ती फक्त कॉम्प्युटरमध्ये. इमारत बांधण्याआधी आम्ही तिला पडद्यावर पेटवतो आणि धूर कुठे जातो, माणसं वेळेत बाहेर पडतात का, ते बघतो. त्यासाठी लाकूड, काच, फोम अशा प्रत्येक वस्तूचे आकडे लागतात. ते ज्या सामायिक फाइलमध्ये ठेवलेत तिला आम्ही कोठी म्हणतो आणि ती सांभाळणाऱ्या बाईंना कोठीताई.

ताईंनी आधी वीस वर्षं प्रयोगशाळेत सोफ्यांचे तुकडे जाळले. अजूनही कुणाच्या घरी गेल्या की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी पडदा चुरगाळून बघतात. त्यांचे यजमान शिंपी. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात हिने दुकानातल्या चिंध्या पेटवून बघितल्या, हे ते येईल त्याला सांगतात. कोठीतही तोच खाक्या. आकडा कुठून आणला, कोणी भरला, कोणत्या एककात, सगळं लिहायचं. नावात 'नवा', 'अंतिम', 'बरोबर' असलं काही चालायचं नाही. मला त्यांचा भयंकर राग यायचा. एका फोमच्या नोंदीला तीन दिवस! म्हणून मी गुपचूप माझी वेगळी कोठी थाटली होती, आणि मोठ्या उदारपणे तिच्यातल्या वस्तू सहकाऱ्यांनाही वाटल्या होत्या.

त्या दिवशी दुपारी एकला समोरच्या इमारतीत होणाऱ्या पाळणाघराचे नकाशे मंजुरीला जायचे होते. निकाल झकास होता, धूर पाळण्यांपर्यंत उतरतच नव्हता. चांगल्या निकालाला कोण प्रश्न विचारतो? शिवाय माझी अकरा महिन्यांची लेक तिथेच जाणार होती. बायकोने नाव नोंदवून खिडकीजवळचा पाळणाही मागून ठेवला होता.

साडेदहाला ताई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"हे 'छत-फोम-बरोबर' कुठून आलं रे?"

"माझ्याकडचं आहे. ताई, आज नको ना, एकला पाठवायचंय."

"मी कुठे अडवतेय? छताचं तापमान तेवढं दाखव."

दाखवलं. खाली गाद्या दहा मिनिटं धडाडून जळत होत्या आणि वर छत एकवीस अंशांवर निवांत.

"हा फोम आहे की बर्फाची लादी?" ताईंनी शेजारची खुर्ची ओढली. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दोन मिनिटांत चूक सापडली. एक किलो फोम एका अंशाने तापवायला किती उष्णता लागते, ती चौकट किलोज्यूलमध्ये होती. मी ज्यूलमधला आकडा ठोकला होता. एक पूर्णांक चारच्या जागी चौदाशे. हजारपट! असा फोम भट्टीत घातला तरी सहजी तापला नसता.

"कोठीतला फोम घे आणि ही एकच खोली पेटव. हिशेबाचे चौकोन मोठे ठेव, चाळीस मिनिटांत कळेल."

अकरा वाजून गेले तसं अख्खं ऑफिस माझ्या टेबलाभोवती जमलं. साहेबसुद्धा बशी हातात धरून उभे. खरं सांगतो, चूक माझी असूनही मला थरार वाटत होता. पडद्यावरच्या पहिल्या मिनिटाला छत तापलं. "आता बघा," ताई म्हणाल्या. दुसऱ्या मिनिटाला छत पेटलं, कुणीतरी "आई गं!" म्हणालं, आणि काळा धूर भिंतीवरून सरसर उतरत खिडकीजवळच्या पाळण्यापर्यंत आला.

ताईंनी लगेच कोठीतून न जळणारी खनिज लोकर काढली, तीच छताला लावली आणि पुन्हा आग लावली. आणखी चाळीस मिनिटांनी निकाल आला, या वेळी धूर पाच मिनिटं वरच राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी नकाशे थांबवले आणि नव्या छतासह पूर्ण मजल्याची चाचणी करायला सांगितलं. मी ताईंना मिठीच मारणार होतो.

"थांब," त्या म्हणाल्या. "तुझा हा फोम अजून कुठे कुठे गेलाय?"

तेच तर दुखणं होतं. वस्तू एकदा प्रकल्पात उतरली की तिची तिथे नक्कल होते. कोठीत कितीही दुरुस्त करा, नक्कल आहे तशीच राहते. त्यांनी सगळ्या प्रकल्पांमध्ये शोध घेतला. सहा ठिकाणी सापडला. पाच अजून कागदावर होते. सहावं एका शाळेचं सभागृह, दोन महिन्यांपूर्वीच सुरू झालेलं.

साहेबांनी फोन उचलला. "मी करतो," मी म्हणालो आणि त्यांच्या हातातून घेतला. शाळेच्या व्यवस्थापकांना आधी माझं नाव सांगितलं, मग म्हणालो, "तुमच्या सभागृहाच्या छताचा आकडा मी चुकवलाय. तिथे कुणाला बसवू नका."

"अहो, आत्ता आत दोनशे मुलं परीक्षा देतायत."

"त्यांना बाहेर आणा."

"किती वेळ?"

"छत बदलेपर्यंत," मी म्हणालो.