खुर्चीची पाठ मातीला लागली

वस्तादांची खुर्ची मी आखाड्यात उताणी पाडली. भर तालमीत, सगळे पैलवान भोवती उभे असताना, दोन्ही हातांनी, अगदी व्यवस्थित. तिचा पाया मला खालून बघायचा होता. त्यासाठी खुर्ची आडवी करावी लागते, हे मला माहीत होतं. आखाड्यात ज्याची पाठ मातीला लागली तो हरला, हेही लहानपणापासून माहीत होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे मात्र मला हवेत असताना कळलं.

हवेत, कारण तोवर मला उचललेलं होतं.

आधी मी तिथं कसा पोचलो ते सांगतो. जुन्या जालन्यात माझं जुन्या फर्निचरचं दुकान आहे. भट्टीत वितळायला निघालेल्या भंगारातून, बंद पडलेल्या गेस्टहाऊसांतून आणि दवाखान्यांतून साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या खुर्च्या मी ओढून काढतो. पुण्या-मुंबईची माणसं त्या घेतात, पण आधी एकच विचारतात : पाया अस्सल आहे का? फायबरची बैठक टिकते, खालचा लोखंडी पाया गंजतो, मोडतो, आणि मग कुणीतरी भलत्याच खुर्चीचे पाय तिला लावून टाकतो. हे ओळखायला मी शिकलो. बैठकीच्या बुडाला चार रबरी गट्टू चिकटवलेले असतात, पायाचे स्क्रू त्यात बसतात. पाया जिथं वर्षानुवर्षं घासतो तिथं बुडावर त्याचा व्रण उमटतो. व्रण जुळला तर जोडी जन्माची, नाही तर दुसरं लग्न. एवढ्याशा ज्ञानावर लोक मला तज्ज्ञ म्हणू लागले आणि मीही कुणाला अडवलं नाही.

वस्ताद वारले आणि तालीम फुटली. एका बाजूला त्यांचा मुलगा, दुसऱ्या बाजूला पुतण्या. वाटणीच्या दिवशी पुतण्याचा दात गेला, मुलाच्या कानाचा लचका गेला, आणि दोघांनी एकेक खुर्ची उचलून नेली. खुर्च्या दोन होत्या, एकाच हिरव्या रंगाच्या : एक वस्तादांची, एक पाव्हण्यांची. आपलीच खरी, असं दोघेही छाती ठोकून सांगायचे.

छाती ठोकायला कारण होतं. भोकरदनकडच्या एका गावात जत्रेला कुस्त्यांचा फड भरतो. वस्ताद तिथले कायमचे पंच. आपली खुर्ची ते टेम्पोत घालून न्यायचे आणि तिच्यावरून निकाल द्यायचे. आता गावानं निरोप धाडला होता, खरी खुर्ची ज्याच्याकडं तो पंच. पंच ज्या तालमीचा, नवीन पोरं त्याच तालमीत येणार; दुसऱ्या तालमीला कुलूप. गावाच्या वतीनं निकाल ऐकायला एक शेठजी आले होते. घराणं मूळचं राजस्थानातलं, धंदा धान्याचा, आणि फडाची गदा दर वर्षी त्यांच्याच घरून जाते.

खरी कोणती ते ठरवायला मला बोलावलं. दोन्ही खुर्च्या आखाड्यात मांडल्या होत्या. वस्तादांच्या खुर्चीला जाड तारांचा विणलेला पाया होता, हे अख्ख्या गावाला आठवत होतं. तसा पाया पुतण्याच्या खुर्चीला होता. मुलाच्या खुर्चीला नळीचे चार साधे पाय.

“तारा गंजल्या म्हणून बाबांनीच पाय बदलले,” मुलगा म्हणाला. “खुर्चीवाले, बराबर बघा. बाबा गेल्यापासून कुणी बसलं न्हाई तिच्यावर.”

“बसंल कसं?” पुतण्या म्हणाला. “पाव्हण्यांची हाय ती. पाव्हणे येईना झाले तुमच्याकडं.”

शहाणा माणूस स्वतः मातीत आडवा झाला असता आणि मान घालून खालून बघितलं असतं. पण मी पांढरा शर्ट घालून गेल्तो. मुलाची खुर्ची धरली आणि दिली पाठीवर टाकून. तालीम एकदम गप्प झाली. मला वाटलं, विद्येचा दरारा.

मग मुलाचा एक हात माझ्या मानेवर आला, दुसरा मांड्यांमध्ये. छताचे पत्रे जवळ आले, फिरले, आणि माती येऊन माझ्यावर आदळली. उजव्या खांद्यात ओला ऊस मोडल्यासारखा आवाज झाला. तोंडात माती, जिभेला रक्त. हात माझ्याच अंगाला जोडलेला होता, पण दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

मी उताणा पडलो होतो आणि डोकं नेमकं पुतण्याच्या खुर्चीखाली आलं होतं. पायाचे स्क्रू कोरे करकरीत. तारांचा पाया इतकी वर्षं लागलेला असता तर बुडावर आडव्या रेघांची जाळी उमटली असती. तिथं होते नळीच्या पायांचे चार गोल डाग. मान वळवली. मुलाची खुर्ची आडवीच होती, बुड माझ्याकडे करून, आणि त्या बुडावर तारांची अख्खी जाळी कोरलेली.

अशा वेळी डोळे मिटून बेशुद्ध पडावं. पण मी पडलो तज्ज्ञ.

“बैठक यांची खरी,” मी खालूनच जाहीर केलं. “पाया त्यांचा खरा. अदलाबदल झालीय.”

मुलगा पुतण्याकडे वळला. “तू खोलला पाया.”

“खोलला. मंग? गाव पाया वळखतं. बैठक कोण बघतं, माणूस बसला की ती तर झाकूनच जाती.”

मुलानं पुतण्याची खुर्ची उचलली आणि त्याच्याच तोंडावर घातली. तारेनं भुवई उघडली; रक्त डोळ्यात, डोळ्यातून छातीवर. पुतण्यानं आंधळेपणानं वस्तादांची खरी बैठक हाताला घेतली आणि मुलाच्या पाठीत हाणली. फायबर दुभंगलं. त्याची फुटकी कड पत्र्यासारखी कापते. मुलाची पाठ खांद्यापासून कमरेपर्यंत फाकली. मग दोन्हीकडचे पठ्ठे घुसले. मुद्गल फिरले, एकाचं नाक बसलं, एकाचा गुडघा उलटा गेला. खाली मी होतो. जो तो माझ्यावर पाय देऊन पुढं जात होता. मुलानं आणि पुतण्यानं तारांच्या पायाला दोन बाजूंनी धरून ओढलं, तेव्हा त्याचे झाळलेले सांधे एकामागून एक तटातट तुटले आणि दोघेही आपापली मूठभर तार घेऊन मागच्या मागे आपटले.

तेव्हा कुठं थांबलं. बाकावर चढलेले शेठजी खाली उतरले.

“झालं समाधान? पंच आता बाहेरचा आणतो.”

“अन् आम्ही?” मुलानं विचारलं.

“तुम्ही पब्लिकमध्ये बसा. खुर्ची घरून आणा.”

ते गेले. त्यांच्या मागून त्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि तालमीत फक्त धापा राहिल्या. मी कण्हलो, म्हणून दोघांचं लक्ष माझ्याकडे गेलं. तालमीवाले हाडं बसवतात, हे खरं आहे, पण बसवताना त्यांचा राग कुणावर असावा याला काही नियम नाही. पुतण्या माझ्या छातीवर बसला, मुलानं टाच माझ्या काखेत रोवली आणि मनगट धरलं. एकाची पाठ गळत होती, दुसऱ्याची भुवई माझ्या शर्टावर.

“पण ओळखलं मी बरोबर,” मी म्हणालो. “एवढं तरी मानाल की न्हाई?”

मुलानं हिसका दिला. खांदा खट्कन जागेवर गेला आणि मी जो ओरडलो, तो म्हणे रस्त्यापलीकडच्या कापडाच्या दुकानात ऐकू गेला.

पुतण्यानं डोळ्यातलं रक्त माझ्याच बाहीला पुसलं.

“दोघातल्या एकाचं नाव घ्यायचं व्हतं निस्तं,” तो म्हणाला. “खरं कुणी इचारलं व्हतं तुम्हाला?”